ससा टेबलावर, परीक्षक समोर: लहान जनावरांच्या प्रदर्शनात नेमकं काय बघतात?

हा आपल्या नव्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मध्ये मध्ये जे "अं... म्हणजे..." होतं, ते काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. पशुप्रदर्शन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शिंगं रंगवलेला बैल, झूल घातलेली गाय आणि फेटा बांधलेला मालक. रीलवर पण तेच दिसतं. पण त्याच मैदानाच्या एका कोपऱ्यात बकऱ्या असतात, कोंबड्या असतात, कधीकधी ससे असतात. त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. आज आपण त्या कोपऱ्यात जाणार आहोत. कारण मी स्वतः एकदा तिथे उभा होतो, आणि त्या दिवशी मला जे कळलं ते आधी कळलं असतं तर माझी एक ससीण वाचली असती.

कापूस आणि पांढरी

मी वर्धा जिल्ह्यातला, सेलू तालुक्यातल्या एका गावचा. आठवीत असताना मामाने नागपूरहून सशांची एक जोडी आणून दिली. दोन्ही पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. नराचं नाव कापूस, मादीचं पांढरी. आमच्याकडे कपाशीच कपाशी, त्यामुळे नावं शोधायला फार डोकं लावावं लागलं नाही.

मी त्यांना जीव लावला होता. माझ्या ताटातली पोळी, भात, मुरमुरे, बिस्किटं, सगळं त्यांना द्यायचो. पांढरीला बिस्किट फार आवडायचं. मग एक दिवस तिने खाणं कमी केलं. तोंडाखालचा भाग ओला राहायला लागला. मला वाटलं, पाणी पिताना सांडते. आजी म्हणाली, नजर लागली, मीठमिरची ओवाळ. ओवाळली. चार-पाच दिवसांत पांढरी गेली. परसात कडुनिंबाखाली पुरली. खूप रडलो.

त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारीत, जिल्ह्यात पशुप्रदर्शन होतं. शाळेतल्या मित्रांनी चढवलं, "ने ना बे कापूसले, पयला नंबर येते." मी निघालो. छोटा हत्तीत, शेजारच्यांच्या गाईसोबत, मांडीवर तारेचा पिंजरा घेऊन दीड तास.

गाई-बैलांना मोठा मांडव होता. आम्हाला, म्हणजे "इतर" लोकांना, भिंतीलगत टिनाच्या शेडखाली जागा मिळाली. सकाळी छान वाटलं. लोक येऊन फोटो काढत होते. एकाने तर कापूसला कान धरून उचललं आणि सेल्फी घेतला. मी काहीच बोललो नाही, उलट मला भारी वाटत होतं. दुपारी बारा-साडेबाराला टिन तापलं. कापूस आडवा पडला. तोंड उघडं, श्वास जोरजोरात, कान हाताला गरम लागत होते.

तेवढ्यात रजिस्टर घेऊन परीक्षण करणारे पशुवैद्यकीय डॉक्टर आले. मी उत्साहात विचारलं, "सर, नंबर?" ते म्हणाले, "नंबर राहू दे बाबू, पहिले सावलीत ने याले."

त्यांनी स्वतः पिंजरा उचलून लिंबाच्या झाडाखाली नेला. रुमाल साध्या पाण्यात भिजवून कानांवरून फिरवला. बर्फाचं पाणी नाही, अंगावर बादली नाही, फक्त कान ओले केले. अर्ध्या तासाने कापूस उठून बसला. मग डॉक्टरांनी गाडीच्या बोनेटवर एक पोतं अंथरलं, त्यावर त्याला ठेवलं आणि म्हणाले, "आता बघ, याला कसं बघतात ते."

पुढची पाच मिनिटं मी आजपर्यंत विसरलो नाही. ती पाच मिनिटं म्हणजेच आजचा भाग.

आधी हे प्रदर्शन म्हणजे काय ते समजून घेऊ

आपल्याकडे बहुतेक पशुप्रदर्शनं जिल्हा परिषद आणि पशुसंवर्धन विभाग मिळून भरवतात. काही ठिकाणी ती जत्रेला जोडलेली असतात. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. तिथे गाईबैलांसोबत घोडे, कुत्रे आणि कोंबड्या यांचंही प्रदर्शन असतं. राज्य पातळीवर २०२३ च्या मार्चमध्ये शिर्डीला महापशुधन एक्स्पो झाला होता, त्यात देशभरातल्या जाती बघायला मिळाल्या.

आपल्या वर्ध्याचा मान गवळाऊ गाईचा. उंच, सडपातळ, पांढरी, पायाने चपळ. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा पट्टा. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. त्यामुळे इथल्या प्रदर्शनात गवळाऊला पुढची जागा मिळणं साहजिक आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण ही प्रदर्शनं सुरू कशासाठी झाली? मिरवायला नाही. चांगलं जनावर कोणतं हे दहा गावांच्या लोकांनी एका जागी बघावं, आणि त्याची पिलावळ वाढावी, म्हणून. म्हणजे हा एक प्रकारचा उघड्यावरचा वर्ग आहे. परीक्षक हा मास्तर. नंबर ही फक्त त्याची शेवटची ओळ असते.

मोठं जनावर लांबून दिसतं. चाल बघा, खांदा बघा, कास बघा. लहान जनावराचं तसं नाही. त्याला हातात घ्यावं लागतं, उलटं करावं लागतं, तोंड उघडावं लागतं. जे काही आहे ते केसांखाली, पिसांखाली आणि ओठांमागे असतं. म्हणून लहान जनावराचं परीक्षण म्हणजे खरं तर तब्येतीची तपासणीच.

सशाला टेबलावर कसं बघतात

पहिली गोष्ट उचलण्याची. ससा कानाने कधीच उचलायचा नाही. एक हात छातीखाली, दुसरा हात मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरायचा. त्याचे मागचे पाय भयंकर ताकदवान असतात, पाठीचा कणा मात्र नाजूक. अधांतरी धरला आणि त्याने जोरात लाथ मारली तर स्वतःच्याच झटक्याने कणा मोडू शकतो. टेबल पण गुळगुळीत नको. पाय घसरला की ससा घाबरतो. म्हणून पोतं किंवा सतरंजी.

मग कान. आत बघायचं. तपकिरी पापुद्रे किंवा खपल्या दिसल्या तर ती कानातली खरूज, बारीक किडे असतात ते. कापूसच्या डाव्या कानात खोलवर होती. मी रोज त्याचे कान कुरवाळायचो, पण कानात कधी बघितलंच नव्हतं.

मग नाक, आणि त्यासोबत पुढच्या पायांची आतली बाजू. ही युक्ती मला फार आवडली. सर्दी झालेला ससा पुढच्या पंजांनी नाक पुसतो. नाक वरून कोरडं दिसेल, पण पंजाच्या आतले केस चिकट किंवा गुठळीदार झाले असतील तर त्याची चोरी पकडली गेली.

मग पाय उलटे करून तळवे. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेच्या जाळीवर दिवसरात्र बसला की टाचेचे केस झडतात, कातडी लाल होते, पुढे जखम होते. उपाय साधा आहे. पिंजऱ्यात एका बाजूला लाकडी फळी किंवा वाळल्या गवताचा थर द्यायचा. नखं वाढली असतील तर कापायची, पण आतली लाल शीर सोडून. पांढऱ्या सशात ती उजेडात स्पष्ट दिसते.

आणि शेवटी दात. डॉक्टरांनी कापूसचे ओठ हलकेच बाजूला केले आणि म्हणाले, "याचे बरे आहेत. सशाचे दात जन्मभर वाढतात, माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं.

सशाचे दात थांबत नाहीत. ते झिजतात ते फक्त चावण्याने, आणि झिजवणारं खाणं म्हणजे गवत. हरळी, लसूणघास, वाळलेला चारा. बिस्किट, भात, पोळी हे मऊ खाणं. त्याने दात झिजत नाहीत, वाकडे वाढतात, गालात-जिभेत रुततात. मग ससा खाणं सोडतो, लाळ गळते, हनुवटी ओली राहते.

हनुवटी ओली राहते. मी तिथेच थांबलो. पांढरी पाणी सांडत नव्हती. नजर लागली नव्हती. मी प्रेमाने खाऊ घातलेल्या बिस्किटांनी तिचा घास बंद केला होता. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की ससा हा शिकार होणारा प्राणी, तो दुखणं लपवतो. जंगलात आजारी दिसला की संपला. त्यामुळे तो सांगणार नाही, आपणच रोज बघायचं. आणि ससा अर्धा दिवस काहीच खात नसेल तर ती घाई करायची वेळ, कारण त्याचं पोट थांबलं की जनावर लवकर हातचं जातं.

उन्हाचं पण त्यांनीच सांगितलं. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे सोडतो. तापमान तिशीच्या पुढे गेलं की त्याला त्रास सुरू होतो. आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. तेव्हा विदर्भात ससा पाळायचा म्हणजे आधी सावलीचा विचार करायचा, मग सशाचा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण कोणीतरी नक्की विचारणार. शेतात, तुरीच्या ओळीत दिसणारा भुरा ससा पकडून प्रदर्शनात नेता येईल का? अजिबात नाही. तो वन्यप्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. पकडणं, पाळणं, मारणं, सगळं गुन्हा. आणि तो पाळीव सशाचा भाऊपण नाही, वेगळीच जात आहे. पाळीव सशाची पिल्लं जन्मतः उघडी आणि डोळे मिटलेली असतात. शेतातल्या सशाची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात. शेतात असं पिल्लू एकटं दिसलं तर अनाथ समजून घरी आणू नका. आई ठरावीक वेळेला येऊन पाजून जाते.

नंबर सशाचा की पोराचा?

कापूसला नंबर मिळाला नाही, हे तुम्ही ओळखलं असेल. पुढे मोठा झाल्यावर, मोबाईलवर व्हिडिओ बघताना, मला अमेरिकेतल्या जत्रांचा एक प्रकार कळला आणि त्या डॉक्टरांची आठवण आली.

तिकडे जिल्ह्याची वार्षिक जत्रा असते. त्यात गावातली शाळकरी मुलं आपापली जनावरं घेऊन येतात. ससे, कोंबड्या, बकऱ्या, गिनीपिग. फोर-एच नावाची मुलांची मोठी चळवळ आहे, चार पानांचं हिरवं पान तिचं चिन्ह, ती यात पुढे असते. सशांसाठी तर त्यांची देशभराची संघटना आहे, १९१० पासूनची. प्रत्येक जातीचा ससा कसा असावा, म्हणजे वजन, कान, केस, रंग, हे तिने पुस्तकात लिहून ठेवलंय. परीक्षक त्या पुस्तकाशी जुळवून ससा बघतो. सशाच्या डाव्या कानात गोंदवलेला नंबर असतो, म्हणजे अदलाबदल नको.

पण मला भावला तो दुसरा गट. त्यात सशाला नंबर नसतोच, मुलाला असतो. मूल टेबलापाशी उभं राहतं, ससा नीट उचलतं, उलटा करतं, आणि परीक्षकाला दाखवत जातं: हे कान, हे दात, ही नखं, हे तळवे. परीक्षक प्रश्न विचारतो. काय खायला देतोस? आजारी कसा ओळखशील? ससा साधा असला तरी चालतो. मुलाला जनावर कळतं की नाही, एवढंच बघतात.

म्हणजे डॉक्टरांनी गाडीच्या बोनेटवर माझी जी परीक्षा घेतली, तीच. फरक इतकाच की मी नापास झालो होतो.

मला वाटतं, आपल्या जिल्ह्याच्या प्रदर्शनात असा एक गट सहज ठेवता येईल. त्याला मोठा मांडव लागत नाही. चार टेबलं, चार पोती, एक डॉक्टर आणि झाडाची सावली. गावरान कोंबडी घेऊन आलेली सातवीतली पोरगी आणि लाखाचा बोकड घेऊन आलेला पोरगा एका रांगेत उभे राहतील.

कोंबडी बघताना

कोंबडीला पायाने उलटं लटकवून आणतात, ते आधी बंद. एक तळहात छातीखाली, तिचे पाय बोटांमध्ये, पंख अंगाशी दाबलेले. अशी धरली की ती शांत राहते.

तुरा लाल आणि टवटवीत हवा. फिका किंवा काळपट पडला तर काहीतरी बिघडलंय. छातीचं मधलं हाड बोटाने चाचपायचं. सुरीच्या पात्यासारखं टोकदार लागलं तर पक्षी वाळलेला आहे, वरून पिसांनी कितीही गुबगुबीत दिसो. पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं बाजूला करून बघायचं, उवा आणि गोचिडपिसवा तिथेच बसतात. पायाचे खवले उचललेले, खडबडीत झाले असतील तर तिथेही किडे असतात.

आणि एक मजेची परीक्षा. शेपटीखाली दोन बारीक हाडं असतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट मावलं तर सध्या सुट्टीवर. माझी आजी हे डोळे मिटून सांगायची. परीक्षक तेच बघतो, फक्त त्याच्या हातात रजिस्टर असतं.

बकरी: जिला रांगेत जागा मिळायला हवी

आता मावशीकडे येतो. माझी मावशी आर्वीकडची. शेती नाही, मजुरी करते, घरी पाच-सहा बकऱ्या. मी तिला म्हटलं, मावशी, तू प्रदर्शनात का नेत नाहीस? ती हसली. "माह्या बकरीले कोन पायते बाबू? तिथं तं बैलावाल्यायचा मेळा."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण बघा, बैल कोणाकडे असतो? ज्याच्याकडे शेत आहे. बकरी कोणाकडे असते? ज्याच्याकडे शेत नाही, आणि बहुतेक वेळा घरातल्या बाईकडे. पोराची फी, दवाखाना, अडीनडी, सगळं बकरी विकून निघतं. तिला गरिबाची गाय उगीच म्हणत नाहीत. गांधीजी १९१९ पासून बकरीचंच दूध घ्यायचे, आणि १९३६ पासून ते आपल्या सेवाग्रामात राहिले. त्याच वर्ध्यात जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरीस गोसेवेचं मोठं काम उभं केलं. गाईला संस्था मिळाली. बकरी मात्र ज्याच्या त्याच्या अंगणातच राहिली.

पण आपल्या बकरीला आता नाव आहे. विदर्भातल्या या बकऱ्यांचा अभ्यास अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने केला, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने "बेरारी" ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. ओळखायची कशी? रंग फिकट ते गडद तपकिरी, पाठीवरून जाणारी काळी रेघ, कान पानासारखे लोंबते, आणि मादीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टे. मावशीच्या दोन बकऱ्या तंतोतंत तशा आहेत. तिला मी फोनवर फोटो दाखवला तर म्हणाली, "हे तं आपलीच होय!"

परीक्षक बकरीत काय बघतो? पहिले दात, कारण त्यावरून वय कळतं. बकरीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, खालचे आठ बघायचे. दुधाचे बारीक दात पडून मोठे दोन आले तर सव्वा-दीड वर्ष, चार आले तर दोन वर्षांच्या आसपास, सहा म्हणजे तिसऱ्या वर्षात, आठही आले तर पूर्ण जुळली. मग कास: मऊ, दोन्ही बाजू सारख्या, गाठ नाही. मग खूर: वाढून वाकडे झालेले नकोत. मग डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग. लालसर गुलाबी असेल तर ठीक. पांढुरकी असेल तर पोटात जंत रक्त पितायत असं समजा आणि डॉक्टरांकडे जा.

आणि बोकड. इथे मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. गावात सगळ्यात जोमाने वाढणारा बोकड कोणता, हे सगळ्यांना दिसतं. आणि म्हणूनच तो सगळ्यात आधी विकला जातो. बकरी ईदला किंवा होळी-पोळ्याच्या बाजारात त्याचे चांगले पैसे येतात. मागे राहतो तो किरकोळ, न खपलेला. तोच मग गावातल्या सगळ्या बकऱ्यांना लागतो. एक बोकड वीस-तीस बकऱ्यांना पुरतो, म्हणजे एका वर्षात अख्ख्या गावाची पुढची पिढी त्याची. शिवाय तोच बोकड चार वर्षं राहिला तर स्वतःच्या लेकींना लागतो. करडं बारीक होतात, मरतात, आणि आपण म्हणतो, "गावरानात दम राहिला नाही." दम आहे. आपणच तो दरवर्षी बाजारात नेऊन विकतो.

प्रदर्शनाचा खरा उपयोग इथे आहे. चांगल्या बोकडाला नंबर आला, नाव झालं, आजूबाजूचे लोक पैसे देऊन बकऱ्या लावायला आणू लागले, तर मालकाला तो विकण्यापेक्षा ठेवणं परवडतं. चार-पाच घरांनी मिळून एक चांगला बोकड ठेवायचा आणि दोन वर्षांनी दुसऱ्या गावाशी बदलायचा, एवढं केलं तरी फरक पडतो.

मावशीला मी हे सांगितलं. तिने विचारलं, "मंग पैशे कोन देईन ईदले?" प्रश्न खरा आहे. ज्या घरात फी भरायची तारीख ठरलेली आहे, त्या घराला बोकड ठेव म्हणणं सोपं नाही. म्हणूनच बक्षिसाची रक्कम लहान जनावरालाही नीट हवी, नुसतं प्रमाणपत्र नको.

नेताना आणि परत आणताना

जत्रेत जनावरं एकत्र येतात तसे रोगही एकत्र येतात. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या. अमेरिकेत २०१५ साली ही साथ आली तेव्हा आयोवा राज्याने त्या वर्षी जत्रांमधली जिवंत कोंबड्यांची प्रदर्शनंच बंद ठेवली होती.

म्हणून नेण्याआधी लस: कोंबडीला राणीखेतची, बकरीला पीपीआर आणि आंत्रविषाराची. कधी द्यायची हे गावच्या दवाखान्यात विचारा, आदल्या दिवशी दिलेली लस कामाची नाही. बकरीच्या कानात बारा अंकी बिल्ला हवा. भांडं, दाणा, चारा घरचाच न्या. दुसऱ्याच्या भांड्यात आपलं जनावर पाजू नका.

आणि परत आल्यावर, बक्षीस असो वा नसो, ते जनावर दोन ते चार आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. आधी घरच्यांना दाणापाणी, मग शेवटी त्याला. आमच्याकडे उलटं होतं. हार घालून आणतात आणि थेट कळपात सोडतात.

स्टॉलवरची गोड स्कीम

जाता जाता एक सावधगिरी. प्रदर्शनाच्या मैदानात स्टॉल असतात. "आमच्याकडून ससे घ्या, पिल्लं आम्हीच विकत घेऊ, घरबसल्या महिन्याला इतके." ऐकायला गोड लागतं. २०१९ साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला कडकनाथ कोंबड्यांचा घोटाळा उघड झाला, तो याच पद्धतीचा होता. कोंबडी खोटी नव्हती, परत खरेदीचं आश्वासन खोटं ठरलं. राज्यभरातल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले.

एकच प्रश्न विचारा: तुमच्याशिवाय हे जनावर आमच्या तालुक्यात दुसरं कोण विकत घेतं? बकरीसाठी उत्तर आहे, कोणत्याही आठवडी बाजारात जा. कोंबडीसाठी आहे. सशासाठी बहुतेक गावांत नाही. उत्तर मिळालं नाही तर हात जोडून पुढच्या स्टॉलवर जा.

शेवटी, पाच मिनिटं

कापूस त्यानंतर अजून तीन वर्षं जगला. बिस्किट बंद, गवत सुरू. पिंजऱ्यात फळी. उन्हाळ्यात ओलं पोतं आणि दुपारभर माजघर. आणि रोज सकाळी, शाळेत जाण्याआधी, पाच मिनिटं: कान, नाक, पंजा, तळवा, दात. तेव्हा टॉर्च होता, आज तुमच्या फोनमध्येच आहे.

तर उद्या सकाळी एक काम करा. घरी जे कोणी असेल, ससा, कोंबडी, बकरी, त्याला हातात घ्या आणि परीक्षक आलाय असं समजून बघा. काही वेगळं दिसलं तर फोटो काढून गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. आणि पुढच्या प्रदर्शनात गेलात तर बैलांचा मांडव बघाच, पण मग भिंतीलगतच्या त्या कोपऱ्यात पण जा. तिथे कोणाची तरी मावशी उभी असेल. तिला विचारा, "मावशी, हिचे दात किती?" ती खूश होऊन सांगेल.

तुमच्या घरच्या जनावराची गोष्ट असेल तर आवाजी मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर ऐकत राहा, आणि सावलीत राहा. रामराम!